न थांबणारें पान

गेल्या पावसाळ्यांत आमच्या शाळेच्या संगणककक्षांत एक प्रकार घडला. त्याची हकीकत सांगूनच या पाठास आरंभ करणें बरें. कारण तो प्रकार घडला नसता तर हा पाठ लिहिण्याची बुद्धि आम्हांस झाली असती कीं नाहीं, याची शंकाच आहे. एका स्पर्धा-परीक्षेस बसूं इच्छिणाऱ्या मुलांचीं नांवें नोंदविण्यासाठीं आम्हीं नववीच्या कांहीं विद्यार्थ्यांना हाताशीं धरून एक लहानसें वेबपृष्ठ तयार केलें होतें. नांव, इयत्ता व जन्मतारीख भरावयाची आणि खालचें बटण दाबावयाचें, कीं पान जागचें न हालतां हिरव्या अक्षरांत ‘नोंद झाली’ असा मजकूर उमटे. पान इतकें चपळ चाले कीं, आम्हांस त्याचा थोडासा गर्वच झाला होता. शेवटच्या दिवशीं दुपारीं यादी छापून फळ्याशेजारीं लाविली, तों सहा मुलें धांवत आलीं. तींत आपलें नांव नाहीं, अशी त्यांची तक्रार होती. हिरवीं अक्षरें आपण डोळ्यांनीं पाहिलीं, असें प्रत्येकजण कळवळून सांगत होता. त्या सहांचीं नांवें आम्हीं त्याच घटकेस हातानें लिहून पाठविलीं. सातवी मुलगी त्या दिवशीं तापानें घरीं पडून होती. यादींत नसलेल्या नांवाची आठवण यादी करून देत नाहीं. पुढच्या सोमवारीं ती शाळेंत आली, तेव्हां मुदत टळून गेली होती.

ती रडली नाहीं. तिनें एवढेंच विचारलें, ‘सर, नोंद झालीच नव्हती, तर मग तीं हिरवीं अक्षरें कोणीं लिहिलीं?’

या प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं नीट देतां आलें नाहीं. तें येथें देण्याचा विचार आहे. पालकांनींही हा पाठ वाचावा, अशी विनंति आहे. कारण रेल्वेचें तिकीट, विजेचें बिल, बँकेंतील भरणा आणि दहावीचा निकाल हीं सारीं कामें हल्लीं अशाच पानांवरून होतात, आणि ‘झालें’ असें पान म्हणालें म्हणजे तें खरोखरीच झालें, असें धरून चालणाऱ्यांत आम्हीही होतों.

प्रथम जुनी रीत पाहूं. टिम बर्नर्स-ली यांनीं जिनीव्हाजवळील सर्न या संशोधनसंस्थेंत १९८९ सालीं ज्या जाळ्याची कल्पना मांडली व जें १९९१ सालीं जगास खुलें झालें, त्याचा मूळ व्यवहार अगदीं साधा होता. वाचकाच्या यंत्रावरील ब्राउझरनें दूरच्या सर्व्हरकडे एक पान मागावयाचें. सर्व्हरनें तें पाठवावयाचें. ब्राउझरनें तें पडद्यावर मांडावयाचें. आणि तेथें व्यवहार संपला. दुसरें कांहीं हवें असल्यास पहिलें पान पुसून टाकून दुसरें सबंध पान आणावयाचें. संशोधकांचे निबंध वाचण्यास ही रीत उत्तम होती. परंतु पानावर काम करावयाचें झालें म्हणजे तिचा जाच होऊं लागे. एका रकान्यांत चूक झाली कीं सारें पान पुन्हां यावयाचें. तें येईपर्यंत पडदा पांढरा. आणि पुष्कळदां भरलेली माहितीही नाहींशी.

वर्गांतीलच दाखला घेऊं. समजा, आम्ही भूमितीचा तास घेत आहों आणि मध्येंच एका मुलाचा पटावरील क्रमांक कार्यालयांतून हवा झाला. जुन्या रीतीनें वागावयाचें तर आम्हीं सर्व वर्गास उठवून बाहेर काढावें, फळा पुसावा, कार्यालयांत जाऊन क्रमांक आणावा, मग मुलांना पुन्हां आंत बसवून तेंच प्रमेय पहिल्यापासून लिहावें आणि फळ्याच्या एका कोपऱ्यांत तो क्रमांक मांडावा. असें कोणी शिक्षक करीत नाहीं. तो चिठ्ठी लिहितो, शिपायाच्या हातीं देतो आणि प्रमेय पुढें चालू ठेवितो. शिपाई केव्हां परत येईल हें त्यास ठाऊक नसतें. पण तो आला म्हणजे चिठ्ठी घ्यावी, वाचावी व तेवढाच आंकडा जागेवर लिहावा, हें मात्र त्यानें आधींच ठरविलेलें असतें. असमकालिक विनंति म्हणतात ती हीच.

ब्राउझरांत ही चिठ्ठी चालू होण्यास दोन गोष्टी हव्या होत्या. पहिली ही कीं, पान आल्यानंतर त्यांतील एखादी ओळ जागच्या जागीं बदलूं शकेल असा कोणी तरी पानाच्या आंतच असावयास पाहिजे. ती सोय जावास्क्रिप्ट या भाषेनें केली. नेटस्केप कंपनींत ब्रेंडन आइक यांनीं १९९५ सालच्या मे महिन्यांत तिचें पहिलें रूप अवघ्या दहा दिवसांत उभें केलें. (त्या घाईचीं कांहीं व्यंगें भाषेंत आजही दिसतात, तीं शोधून काढण्यांत आमच्या दहावीच्या मुलांना अभ्यासापेक्षां अधिक आनंद वाटतो.) दुसरी गोष्ट म्हणजे शिपाई. तो यावयास आणखी कांहीं वर्षें लागलीं, आणि आला तोही टपालाच्या कामासाठींच. मायक्रोसॉफ्ट कंपनीचे लोक आउटलुक हें टपाल पाहण्याचें साधन ब्राउझरांत आणीत होते. नवें पत्र आलें आहे काय, हें पाहण्यासाठीं दर वेळीं सबंध पान पुन्हां आणणें त्यांस परवडेना. म्हणून त्यांनीं पडद्यामागून सर्व्हरशीं बोलणारी एक वस्तु बनविली व ती १९९९ च्या मार्च महिन्यांत इंटरनेट एक्सप्लोररच्या पांचव्या आवृत्तींतून बाहेर पडली. तिचें नांव पुढें एक्सएमएल-एचटीटीपी-रिक्वेस्ट असें रूढ झालें. नांव लांबलचक आहे आणि थोडें फसवेंही. एक्सएमएल नांवाच्या मजकूरपद्धतीच्या साहित्याबरोबर ती बांधून पाठविली गेली म्हणून तें तिला चिकटलें. वस्तुतः तिच्या हातीं कोणत्याही पद्धतीचा मजकूर देतां येतो. इतर ब्राउझरांनींही पुढें तिचें अनुकरण केलें.

१ एप्रिल २००४ रोजीं गूगलनें जीमेल काढलें आणि २००५ च्या फेब्रुवारींत नकाशे. न थांबणाऱ्या पानाची गोडी सामान्य माणसास लागली ती यांमुळें. नकाशांची युक्ति मोठी मौजेची आहे. पडद्यावर दिसणारा नकाशा हा एक अखंड कागद नसून लहान लहान चौरस फरशांचा तो पट होता. नकाशा डावीकडे ओढला कीं उजवीकडून दिसूं लागणाऱ्या फरशा तेवढ्या मागविल्या जात. ज्या आधींच मांडलेल्या आहेत त्यांस कोणी हात लावीत नसे. त्याच फेब्रुवारीच्या १८ तारखेस जेसी जेम्स गॅरेट यांनीं एक निबंध प्रसिद्ध करून या सर्व रीतीस ‘एजॅक्स’ हें नांव दिलें. असिंक्रोनस जावास्क्रिप्ट अँड एक्सएमएल या शब्दांपासून तें साधलें आहे. ट्रॉयच्या युद्धांतील एका ग्रीक वीराचेंही तेंच नांव. मूल सहा वर्षांचें झाल्यावर त्याचें बारसें झालें म्हणावयाचें. एक्सएमएलची जागा पुढें बहुतेक ठिकाणीं जेसन या सुटसुटीत पद्धतीनें घेतली, तरी नांव तेंच राहिलें.

आतां शिपायाची वाट पाहत स्वस्थ कां बसूं नये, हें नीट समजून घेतलें पाहिजे. पानांतील जावास्क्रिप्टच्या हाताशीं सामान्यतः एकच गडी असतो. बटण दाबल्याची दखल तोच घेतो, अक्षरें तोच बदलतो, आलेलें उत्तर तोच वाचतो. तो एका वेळीं एकच काम हातीं घेतो व तें संपल्याखेरीज दुसऱ्याकडे पाहत नाहीं. मुंबईपासून न्यूयॉर्क सरळ मोजलें तरी सुमारें १२,५०० किलोमीटर दूर आहे. कांचेच्या तंतूंतून प्रकाश सेकंदास सुमारें २ लक्ष किलोमीटर जातो. जाऊन येऊन २५,००० किलोमीटर. म्हणजे तेथील सर्व्हरनें क्षणाचाही विलंब न लावितां उत्तर दिलें तरी एक अष्टमांश सेकंद गेलाच. आपणांस हा काळ पापणी लवण्याइतका वाटतो. परंतु सेकंदास २०० कोटी ठोके देणाऱ्या यंत्राच्या हिशेबीं तेवढ्यांत २५ कोटी ठोके पडून जातात. शिवाय तंतू कांहीं सरळ रेषेंत टाकलेले नसतात, आणि आमच्याकडे पावसांत जोडणी मंदावली म्हणजे उत्तरास दहा-दहा सेकंद लागतात. तितका वेळ त्या एकुलत्या गड्यानें दारांत उभें राहून वाट पाहिली तर सारें पान गोठतें. बटण दबत नाहीं, अक्षर उमटत नाहीं. उत्तर येईपर्यंत पान अडवून धरण्याची समकालिक रीतही त्या वस्तूंत आहे. पण मुख्य पानापुरती ती त्याज्य ठरविली गेली आहे, आणि विद्यार्थ्यांनीं तिच्या वाटेस जाऊं नये.

चिठ्ठी पाठविण्याचा क्रम असा. प्रथम ‘ओपन’ या आज्ञेनें चिठ्ठी कोठें व कोणत्या हेतूनें जावयाची तें सांगावयाचें. नुसती माहिती मागावयाची असेल तर ‘गेट’, कांहीं द्यावयाचें असेल तर ‘पोस्ट’. मग उत्तर आल्यावर काय करावयाचें तें लिहून ठेवावयाचें. शेवटीं ‘सेन्ड’ या आज्ञेनें शिपायास रवाना करावयाचें. शिपाई कोठवर आला आहे हें शून्यापासून चारपर्यंतच्या आंकड्यांनीं कळतें, आणि ४ म्हणजे तो परत आला. येथेंच पुष्कळांची फसगत होते. शिपाई परत आला एवढ्यावरून कार्यालयानें होकार दिला असें ठरत नाहीं. त्याच्या हातांतील चिठ्ठीवर ‘असा मुलगा पटावर नाहीं’ असेंही लिहिलेलें असूं शकतें. म्हणून उत्तराचा दर्जा-क्रमांक निराळा पाहावा लागतो: २०० म्हणजे ठीक, ४०४ म्हणजे मागितलेली वस्तु सांपडली नाहीं, ५०० म्हणजे सर्व्हरच्याच घरांत कांहीं बिघडलें.

२०१५ सालापासून ब्राउझरांत ‘फेच’ ही अधिक सोपी आज्ञा येऊं लागली. ती उत्तराऐवजीं एक वचन हातीं देते. तें वचन पुरें झालें तर अमुक करा, मोडलें तर तमुक करा, असें आपण लिहून ठेवितों. मात्र ४०४ किंवा ५०० आलें तरी फेचचें वचन पुरें झालेंच असें धरलें जातें. सर्व्हरपर्यंत पोंचतांच न येणें अशासारख्या अडचणींतच तें मोडतें. म्हणून उत्तराचा ‘ओके’ हा गुण तपासल्याखेरीज पुढें पाऊल टाकूं नये. दर्जा-क्रमांक २०० ते २९९ यांत असेल तरच तो गुण खरा असतो.

आतां त्या हिरव्या अक्षरांकडे वळूं. बटण दाबल्यावर करावयाच्या कामांत आम्हीं एका ओळींत चिठ्ठी रवाना केली होती आणि तिच्या लगेच खालच्या ओळींत ‘नोंद झाली’ हा मजकूर लिहिला होता. कागदावर वाचतांना हा क्रम अगदीं योग्य दिसतो. आधीं नोंद, मग निरोप. परंतु असमकालिक कामांत खालची ओळ ही नंतरची ओळ नव्हे. शिपाई उंबऱ्याबाहेर पाऊल टाकतो न टाकतो, तोंच अक्षरें उमटत होतीं. ज्या सात वेळीं जोडणी तुटून शिपाई वाटेंतच राहिला, त्या सातही वेळीं तीं तितक्याच हिरवेपणानें उमटलीं. तीं कोणीं लिहिलीं, या प्रश्नाचें उत्तर असें आहे कीं, तीं आम्हीं लिहिलीं. सर्व्हरला त्यांचा पत्ताही नव्हता.

दुरुस्ती दोन-चार ओळींचीच होती. विचार मात्र पुष्कळ करावा लागला. ‘नोंद झाली’ हें वाक्य आम्हीं उत्तर वाचण्याच्या जागीं हलविलें, आणि तेंही दर्जा-क्रमांक पाहूनच. बटण दाबल्यावर तें बटण बंद होतें व ‘पाठवीत आहों’ असा करडा मजकूर येतो. पंधरा सेकंदांत उत्तर आलें नाहीं तर तांबडा. हिरव्या अक्षरांच्या पुढें आतां नोंदीचा क्रमांकही येतो. हा क्रमांक पान आपल्या पदरचा घालीत नाहीं. तो सर्व्हरच्या वहींतूनच यावा लागतो. पालकांनीं पैसे भरतांना नुसत्या ‘यशस्वी’ या शब्दावर न थांबतां व्यवहाराचा क्रमांक मागावा, तो याचसाठीं.

वाचकांपैकीं कोणी चाणाक्ष मुलगा अथवा मुलगी येथें विचारील कीं, चिठ्ठी कार्यालयांत पोंचली, नोंदही झाली, आणि परततांना शिपाई हरवला, तर? तांबडीं अक्षरें पाहून मूल पुन्हां बटण दाबील आणि एकाच नांवाच्या दोन नोंदी होतील. फीच्या बाबतींत हें घडलें तर पैसे दोनदां जातील. यावर उपाय असा कीं, पानानें प्रत्येक अर्जास पाठविण्यापूर्वींच एक निराळी खूण द्यावी आणि पुन्हां पाठवितांना तीच खूण ठेवावी. सर्व्हरनें खूण ओळखली तर नवी नोंद न करितां जुन्याच नोंदीचा क्रमांक परत पाठवावा. हा भाग आम्हीं तिसऱ्या प्रयत्नांत साधला.

दुसरा एक दोष आमच्या ग्रंथालयाच्या पानांत दोन महिने लपून बसला होता. त्या पानावर पुस्तकाचें नांव लिहूं लागतांच खालीं जुळणाऱ्या पुस्तकांची यादी येते. प्रत्येक अक्षरागणिक एक चिठ्ठी जाई. आठवींतील एका मुलानें आईच्या फोनवरून ‘सागर’ असा शब्द लिहिला. त्यास क्षणभर तीन पुस्तकें दिसलीं आणि लगेच तीं जाऊन ‘सा’ पासून सुरू होणारीं झाडून सारीं पुस्तकें पुढें आलीं. यंत्रास भूतबाधा झाली असें त्याचें मत पडलें. झालें होतें असें: ‘सा’ ची चिठ्ठी आधीं गेली, पण तिचें उत्तर लांबलचक, ‘सागर’ ची मागाहून गेली, पण तिचें उत्तर तीन ओळींचें. धाकटा शिपाई आधीं परतला, थोरला मागाहून आला आणि त्यानें आपली जुनी यादी नव्या यादीवर डकविली. पाठविण्याचा क्रम हाच परतण्याचा क्रम असेल, असें जाळें कधींही कबूल करीत नाहीं. शाळेंतील जोडणी वेगवान असल्यामुळें तेथें उत्तरें योगायोगानें क्रमवार येत, आणि त्या योगायोगास आम्ही नियम समजून बसलों होतों. आतां प्रत्येक चिठ्ठीस अनुक्रमांक घातला आहे. सर्वांत नव्या चिठ्ठीचें उत्तर तेवढें मांडावयाचें, बाकीचीं टाकून द्यावयाचीं. शिवाय लिहिणारा थोडा थांबल्याशिवाय चिठ्ठी पाठवावयाचीच नाहीं, म्हणजे सर्व्हरचाही त्रास वांचतो.

पडद्यामागें काम करणाऱ्या या शिपायाचा दुरुपयोगही झालेला आहे. ऑक्टोबर २००५ मध्यें सॅमी कामकर या तरुणानें मायस्पेस या अमेरिकेंतील स्थळावर स्वतःच्या ओळखपानांत एक आज्ञावली दडविली. जो कोणी तें पान पाही, त्याच्या ब्राउझरांत ती चाले, त्याच्याच नांवानें गुपचूप चिठ्ठ्या पाठवी, कामकर यास मित्र म्हणून जोडी आणि स्वतःची नक्कल त्या वाचकाच्या पानांत चिकटवी. एका दिवसाच्या आंत दहा लक्षांहून अधिक पानांत ती शिरली व तें स्थळ कांहीं काळ बंद ठेवावें लागलें. एका पानावरील आज्ञावलीस दुसऱ्या स्थळाचें उत्तर त्या स्थळाच्या परवानगीवांचून वाचतां येऊं नये, असा ब्राउझरांचा जुना नियम आहे; पण येथें चोर घरांतलाच होता. म्हणून दुसऱ्यानें लिहून पाठविलेला मजकूर पानांत मांडतांना तो केवळ मजकूर म्हणूनच मांडावा, पानाची रचना म्हणून मांडूं नये. आमच्या ग्रंथालयाच्या पानांत एका मुलानें पुस्तकाच्या नांवाच्या जागीं आज्ञावली लिहून पाहिली, तेव्हां ती अक्षरशः तशीच छापली गेली. त्यास आम्हीं रागावलों नाहीं.

सर्वच पानें अशीं असावींत, असें मात्र आमचें मत नाहीं. नुसतें वाचावयाचें पान जुन्या रीतीनेंच आणलेलें बरें. पानाचा मजकूर बदलूनही पत्ता तोच राहिला, तर मागें जाण्याचें बटण वाचकास भलतीकडेच नेतें. आणि ज्यांस दृष्टि नाहीं व ज्यांचें यंत्र त्यांना पान वाचून दाखवितें, त्यांस कोपऱ्यांतील बदललेली ओळ मुद्दाम सांगण्याची तजवीज केली नाहीं तर कळतच नाहीं. आमच्या पानांतील मागें जाण्याचा घोटाळा अजून सुटलेला नाहीं. नववीची मंडळी त्यावर खटपट करीत आहे.

ज्यांस हें सारें प्रत्यक्ष पाहावयाचें असेल त्यांनीं शनिवारीं दुपारीं संगणककक्षांत यावें. बहुतेक ब्राउझरांत एफ १२ ही कळ दाबून ‘नेटवर्क’ हा भाग उघडला म्हणजे गेलेली प्रत्येक चिठ्ठी, तिचा दर्जा-क्रमांक आणि तिला लागलेला वेळ ओळीनें दिसतो. तेथेंच जोडणी मुद्दाम मंद करण्याची अथवा तोडण्याचीही सोय असते. नवें पान तयार झालें कीं तें प्रथम तोडलेल्या जोडणीवर चालवून पाहावयाचें, असा आमच्या कक्षाचा आतां नियम आहे.

ती मुलगी यंदा परीक्षेस बसली. नोंद करतांना तिनें क्रमांक येईपर्यंत खुर्ची सोडली नाहीं. तो वहींत उतरून घेतला, आणि मग आमच्याकडे येऊन छापील यादी दाखविण्यास सांगितलें.